काम, अस्मिता आणि अध्यापन : पाबळच्या प्रयोगाचा अर्थ

एस. टी.च्या बाकावर दोन अपरिचित माणसे शेजारी बसली, की गावाची चौकशी झाल्यानंतरचा दुसरा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘आपण काय करता?’ या प्रश्नाचे उत्तर देणारा ‘मी शिक्षक आहे’, ‘मी फिटर आहे’ असे म्हणतो. ‘मी शिकवतो’, ‘मी यंत्रे जोडतो’ असे क्वचितच म्हणतो. प्रश्न करण्याविषयीचा असतो आणि उत्तर असण्याविषयीचे येते. पण याच बाकावर तिसरे एक उत्तर वारंवार ऐकू येते, आणि ते अधिक विचार करावयास लावणारे आहे : ‘काही नाही, घरची शेती बघतो.’ पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा मनुष्य आपल्या कामाची ओळख करून देताना आरंभीच ‘काही नाही’ असे का म्हणतो? काम आहे, कौशल्य आहे, त्यावर घर चालते आहे. नाही ती केवळ त्या कामातून मिळणारी प्रतिष्ठित ओळख. संघटनाशास्त्राचे अभ्यासक ज्या संकल्पनेला ‘कार्यअस्मिता’ म्हणतात, तिचा विचार या ‘काही नाही’पासून सुरू करावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. कार्यअस्मितेविषयीच्या संशोधनाचे काही निष्कर्ष प्रथम थोडक्यात सांगून, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे 1983 साली सुरू झालेल्या विज्ञान आश्रमाच्या शिक्षणपद्धतीकडे त्या दृष्टीने पाहावयाचे आहे. पाबळविषयी ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अंगाने पुष्कळ बोलले जाते. शिकणाऱ्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत अध्यापनाने काय फरक पडू शकतो, या अंगाने मात्र त्याचा विचार व्हावा तितका होत नाही.

1. कार्यअस्मिता म्हणजे काय

मनुष्य जे काम करतो त्यावरून स्वतःविषयी जी धारणा बांधतो आणि इतरांनी ती मान्य करावी अशी अपेक्षा धरतो, ती त्याची कार्यअस्मिता. तिला दोन बाजू आहेत हे ध्यानात ठेवले पाहिजे. केवळ स्वतःला वाटून कोणी वैद्य होत नाही, आणि केवळ लोकांनी म्हटले म्हणूनही होत नाही. शिकागो येथील समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ह्यूज यांनी 1951 च्या सुमारास या विषयाची पायाभरणी केली. मनुष्याचे काम हे त्याच्या सामाजिक ओळखीचे फार मोठे अंग असते, आणि प्रत्येक व्यवसायात काही ना काही ‘घाणेरडे काम’ असते, ते कोणावर ढकलले जाते यावरून त्या व्यवसायाची उतरंड कळते, हे त्यांचे निरीक्षण होते. याच सूत्राचा पुढे ॲशफोर्थ आणि क्रायनर या संशोधकांनी 1999 साली विस्तार केला. समाज ज्या कामांना कलंकित समजतो ती कामे करणारी माणसे स्वतःचा मान कसा राखतात, हा त्यांचा प्रश्न होता. ती माणसे कामाला नवा अर्थ देतात, त्यातील उपयुक्त बाजू पुढे आणतात, आणि समव्यवसायी मंडळींच्या घट्ट वर्तुळात एकमेकांचा मान राखतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

दुसरा धागा एमी रझेस्नीव्स्की यांच्या 1997 सालच्या संशोधनाचा. काम हे कोणाला पोटापाण्याचे साधन वाटते, कोणाला चढत जाण्याची शिडी वाटते, तर कोणाला जीवितकार्य वाटते. ही विभागणी आधीपासून परिचित होती. रझेस्नीव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले ते असे, की महाविद्यालयांच्या कार्यालयांत एकाच प्रकारचे साहाय्यकाचे काम करणाऱ्या 24 व्यक्तींमध्येही या तिन्ही दृष्टी जवळपास सारख्या प्रमाणात आढळतात. अर्थात अस्मिता ही कामाच्या वर्णनपत्रात लिहिलेली नसते. एकाच खोलीत, एकाच पगारावर, तेच काम करणाऱ्या तिघांची ओळख तीन प्रकारची असू शकते.

मग ती घडते कशी? या प्रश्नाला दोन अभ्यास विशेष साहाय्य करतात. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लायबेरियातील शिंप्यांच्या उमेदवारीचे वर्णन आहे. तेथे नवा मुलगा प्रथम कापड कापावयास शिकत नाही. तो आधी गुंड्या लावतो, काठ दुमडतो, म्हणजे तयार वस्त्राच्या शेवटच्या टप्प्यापासून आरंभ करून मागे मागे जात सर्वांत शेवटी कापण्यापर्यंत येतो. पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून खरा, विकला जाणारा कपडा जात असतो. दुकानातील त्याचे स्थान काठावरचे असले तरी खोटे नसते. दुसरा अभ्यास प्रॅट, रॉकमन आणि कॉफमन यांचा, 2006 सालचा. रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टरांचा सहा वर्षे मागोवा घेऊन त्यांनी दाखविले, की ‘मी कोण आहे’ आणि ‘मी प्रत्यक्षात काय करतो आहे’ यांत अंतर पडले की अस्मितेचे दुरुस्तीकाम सुरू होते. स्वतःला शल्यविशारद समजणारा तरुण दिवसभर कागदपत्रे भरत बसला, तर त्याला एकतर आपली ओळख बदलावी लागते किंवा तिला ठिगळ लावावे लागते. काहीजण मोडलेल्या हाडाला फळी बांधावी तसा आपल्या जुन्या विद्यार्थीपणाचा तात्पुरता आधार घेतात आणि नवी ओळख बळकट झाल्यावर तो सोडून देतात.

या सर्वांतून आपल्या विषयापुरती दोन अनुमाने निघतात. एक असे, की अस्मिता ही उपदेशाने दिली जात नाही. कामाच्या पुनरावृत्तीतून आणि त्या कामाला मिळणाऱ्या प्रतिसादातून ती साचत जाते. दुसरे असे, की शिकवण्याची व्यवस्था शिकणाऱ्याला कोणत्या प्रकारचे काम देते, कोणासमोर देते आणि त्याची पारख कोण करतो, यावर त्याची पुढील ओळख अवलंबून असते. शिकवण्याची पद्धत ठरविणारा मनुष्य, त्याची इच्छा असो वा नसो, अस्मितेचीच व्यवस्था ठरवीत असतो.

2. आपल्याकडील प्रश्नाचे वेगळेपण

वर उल्लेखिलेले बहुतेक संशोधन ज्या समाजांत झाले, तेथे कामावरून ओळख ठरते. आपल्याकडे दीर्घकाळ क्रम उलट होता : ओळखीवरून काम ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे विस्तृत वर्णन केले, त्यावरून हे स्पष्ट दिसते. सुतार, लोहार, कुंभार ही नावे कौशल्याची खरी, पण ती जन्माबरोबर मिळत. कामाचा मोबदला त्या त्या कामागणिक नव्हे, तर सुगीच्या धान्यातील वाट्याच्या रूपाने मिळे; त्यामुळे चांगला नांगर आणि वाईट नांगर यांच्या मोबदल्यात फारसा भेद राहत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली या व्यवस्थेच्या मर्मावर बोट ठेवले : जातिव्यवस्था केवळ श्रमाची विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते आणि त्यांना एकावर एक रचते. अशा समाजात ‘हाताने काम करावयास शिका’ हा उपदेश निष्पाप राहत नाही. ज्यांच्या पूर्वजांवर हातकाम लादले गेले होते, त्यांना शाळा हवी होती ती त्यातून सुटण्यासाठी. बोरू आणि पाटी ही त्यांच्या दृष्टीने मुक्तीची साधने होती, आणि त्यांची ही दृष्टी चुकीची म्हणता येणार नाही.

1937 साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमेची कल्पना मांडली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा हा प्रयत्न मूलगामी होता. 1964 ते 1966 या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. 1977 साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचविले. संकल्पना उत्तरोत्तर नेमक्या होत गेल्या; शाळेतील वास्तव मात्र बहुतेक ठिकाणी कागदी फुले, खडूचे डबे आणि पुठ्ठ्याची घरे एवढ्यावर स्थिरावले. याचे कारण साधनांच्या अभावात शोधण्याची आपली सवय आहे. कार्यअस्मितेच्या दृष्टीने पाहता कारण निराळे दिसते. त्या वस्तू कोणालाच नको होत्या. त्या केल्या जात, त्यांना गुण दिले जात आणि वर्षाअखेरीस त्या फेकल्या जात. ज्या कामाची कोणी वाट पाहत नाही, त्या कामातून कामकरी घडत नाही. फार तर परीक्षार्थी घडतो.

3. पाबळ येथील मांडणी

या पार्श्वभूमीवर डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग यांच्या प्रयोगाकडे पाहिले पाहिजे. कलबागांचा जन्म 1928 सालचा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील काम, आणि त्यानंतर मुंबईस हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील दीर्घ सेवा, असा त्यांचा प्रवास होता. 1983 साली त्यांनी पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. पुण्याची भारतीय शिक्षण संस्था, म्हणजे जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली संस्था, ही या उपक्रमाची पालक होती. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, हे लक्षात घेता ‘कार्यानुभवा’ची शिफारस आणि पाबळचा प्रयोग यांतील सांधा ध्यानात येतो.

पाबळ हे मस्तानीच्या समाधीमुळे इतिहासात परिचित असलेले गाव. पण कलबागांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याच्या सामान्यपणात होते. पर्जन्यछायेतील कोरडा मुलूख, बेभरवशाची शेती, शहरापासून दूर. महाराष्ट्रातील असंख्य गावांसारखे हे एक गाव होते. येथे जे जमेल ते इतरत्रही जमू शकेल, हा त्यामागील विचार.

आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम म्हणजे मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची एक वर्षाची निवासी पदविका. तिला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. विद्यार्थी बहुधा ग्रामीण भागातील, आणि त्यांत शाळेत न रमलेले, नापास झालेले किंवा शिक्षण अर्ध्यावर सुटलेले पुष्कळ. अभ्यासक्रमाचे विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. प्रत्येकाने चारही विभागांतून जावयाचे असते. शिवाय 1980 च्या दशकातच हीच कल्पना आसपासच्या माध्यमिक शाळांत नेण्यात आली. तेथे आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस या चार विभागांत काम करतात. जोडकाम, विजेची जोडणी, बांधकाम, माती-परीक्षण, रोपवाटिका, रक्तगट तपासणी ही त्यांतील काही कामे. यांतील अनेक कामे गावातील लोकांसाठी सेवा म्हणून, मोबदला घेऊन केली जातात.

4. चार वैशिष्ट्ये व त्यांचा अस्मितेशी संबंध

पहिले वैशिष्ट्य बहुविधतेचे. नयी तालीमेत प्रायः एका हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफले जाई. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी एका व्यवसायाचा होतो. पाबळच्या मांडणीत तोच मुलगा सोमवारी वेल्डिंग करतो, तर दुसऱ्या दिवशी कोंबड्यांचे वजन घेतो अथवा भाकरीचे पीठ मळतो. खेड्यात एकाच कौशल्यावर वर्षभर पोट भरणे कठीण असते, हे याचे व्यावहारिक समर्थन. पण त्याहून महत्त्वाचा परिणाम निराळा आहे. जेव्हा प्रत्येकजण प्रत्येक काम करतो, तेव्हा कोणतेही काम कोणा एका जातीचे राहत नाही, आणि कोणतेही काम केवळ मुलींचे किंवा केवळ मुलग्यांचे राहत नाही. मुलगी लोखंड कापते आणि मुलगा स्वयंपाकघरात उभा राहतो, त्या वेळी काम आणि जन्म यांची शतकानुशतकांची गाठ थोडी सैल होते. आंबेडकरांच्या आक्षेपाला शाळेच्या आवारात देता येण्यासारखे हे एक उत्तर आहे. ते पूर्ण उत्तर आहे, असा दावा नाही.

दुसरे वैशिष्ट्य खऱ्या गिऱ्हाइकाचे. समजा, विद्यार्थ्यांनी एका घरासाठी लोखंडी फाटक तयार केले. ते बिजागरीवर नीट बसले नाही, तर घरमालक ते परत आणील. या परत येण्यात फार मोठे शिक्षण आहे. शिक्षकाने दिलेले कमी गुण विद्यार्थी ‘सरांचा राग’ म्हणून उडवून लावू शकतो. न लागणाऱ्या फाटकाशी असा वाद घालता येत नाही. उलट ते व्यवस्थित बसले आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने तसेच मागितले, तर त्या मुलाला प्रमाणपत्रापूर्वीच समाजाची मान्यता मिळते. लायबेरियाच्या शिंप्याच्या दुकानातील मुलाप्रमाणे तोही काठावर उभा असतो, पण खऱ्या कामाच्या काठावर.

तिसरे वैशिष्ट्य हिशेबाचे. किती लोखंड लागले, किती वाया गेले, वीज किती, मजुरी किती, हे विद्यार्थ्याने मांडावयाचे असते. वरकरणी ही रुक्ष गोष्ट. परंतु बलुतेदारीत ज्या गोष्टीचा अभाव होता ती हीच : प्रत्येक कामाची स्वतंत्र किंमत. आपल्या श्रमाचा आकडा कागदावर लिहिणे म्हणजे ‘काही नाही’ या उत्तराला मोजून दिलेला नकार आहे. कामाचे मोल पैशांतच असते असे नव्हे. पण ज्याच्या श्रमाचा हिशेब कोणी कधी ठेवलाच नाही, त्याच्या दृष्टीने हिशेब हाही सन्मानाचाच एक प्रकार ठरतो.

चौथे वैशिष्ट्य शिकवणाऱ्याचे. या मांडणीत निदेशक हा शक्यतो गावातीलच, स्वतः काम करून उपजीविका करणारा असावा, अशी अपेक्षा आहे. गवंडी, फिटर, रोपवाटिका चालविणारा अशा व्यक्ती शाळेत शिकवितात. याचा परिणाम दुहेरी असतो. विद्यार्थ्यासमोर एक शक्य भविष्य चालते-बोलते उभे राहते. आणि ज्याला गावात ‘मिस्त्री’ म्हणत त्याला मुले ‘सर’ म्हणू लागतात. म्हणजे अस्मिता केवळ शिकणाऱ्याची बदलत नाही, शिकवणाऱ्याचीही बदलते.

या चारही गोष्टींमागे कलबागांची एक साधी भूमिका होती. मूल बोलावयास आणि चालावयास ज्या रीतीने शिकते, म्हणजे प्रत्यक्ष करीत, चुकत, पुन्हा करीत, ती शिकण्याची नैसर्गिक रीत. शाळेने तिच्याशी फारकत घेतल्यामुळे अनेक मुले ‘मंद’ ठरतात. नापास हा शब्दही एक अस्मिताच आहे, आणि ती शाळेने बहाल केलेली असते. ती पुसावयाची तर उत्तेजनाची भाषणे पुरत नाहीत. मुलाच्या हातून काहीतरी यशस्वी होऊन कोणाच्या तरी उपयोगी पडावे लागते. पाबळ येथे त्रिकोणी सांगाड्यांचे घुमटाकार घर आणि छोटा ट्रॅक्टर यांसारख्या वस्तू घडल्या. 2002 साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने संगणकनियंत्रित उपकरणांची निर्मिती-प्रयोगशाळा, म्हणजे फॅब लॅब, सुरू झाली. त्या संस्थेबाहेर स्थापन झालेल्या अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी ती एक होय. कलबाग 2003 साली निवर्तले; आश्रमाचे काम त्यानंतरही चालू राहिले.

5. आक्षेप

या मांडणीवरील सर्वांत गंभीर आक्षेप टाळून चालणार नाही. हातांनी शिकवण्याची ही थोरवी खेड्यातील मुलांसाठीच का? शहरातील सुखवस्तू पालक आपल्या मुलाला अभियांत्रिकीच्या पदवीसाठी पाठवितो आणि खेड्यातील मुलाने वेल्डिंग शिकावे असे सांगतो, तेव्हा नव्या शब्दांत जुनीच उतरंड उभी राहत नाही काय? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर पाबळच्या कार्यशाळेत मिळणार नाही. ते उर्वरित शिक्षणव्यवस्थेला द्यावे लागेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या सर्वच विद्यार्थ्यांसाठी दहा ‘दप्तरमुक्त’ दिवस स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, असे सुचविले आहे. ‘सर्वच’ हा शब्द येथे निर्णायक आहे. हातकाम काहींनाच शिकविले तर ती ओळख कलंकाची राहील. सर्वांना शिकविले तर ती केवळ एक ओळख होईल. मात्र दहा दिवसांत कागदी फुलेच व्हावयाची असतील, तर कार्यानुभवाच्या इतिहासाची पुनरावृत्ती होण्यास वेळ लागणार नाही.

दुसरी मर्यादा अस्मितेच्या स्वरूपातच आहे. तिला समोरच्याची मान्यता लागते, आणि ती मान्यता शिक्षणसंस्थेच्या हातात नसते. उत्तम कारागीर झालेल्या तरुणाला गाव ‘नोकरी लागली नाही का?’ असेच विचारीत राहिले, तर त्याला आपली ओळख रोज नव्याने उभी करावी लागते. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण सांगणाऱ्या समाजातच लग्नाच्या बैठकीत हा क्रम नेमका उलटा लावला जातो.

6. आपल्यापुरते

विद्यापीठीय अध्यापकांनी हा विषय ‘ग्रामीण’ म्हणून बाजूस ठेवू नये. आपले पदव्युत्तर विद्यार्थीही एका व्यवसायाची उमेदवारीच करीत असतात. दोन वर्षे त्यांनी लिहिलेले निबंध एकच व्यक्ती वाचते, गुण देते आणि ते कपाटात जातात. कोठेही, कोणालाही त्यांची गरज नसते. अशा विद्यार्थ्याला पदवीनंतर ‘काय करता?’ असे विचारले, तर तोही ‘काही नाही, एम. ए. झालो’ असेच उत्तर देतो. खेड्यातील शेतकऱ्याचे आणि आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर एकाच शब्दांनी सुरू व्हावे, हा योगायोग नव्हे.

यावर करता येण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. विद्यार्थ्याने केलेले एखादे सर्वेक्षण ज्या ग्रामपंचायतीचे अथवा सहकारी संस्थेचे असेल तिच्यासमोर त्याने मराठीत वाचून दाखवावे. तिच्या सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. चूक निघाल्यास ते परत यावे. अध्यापकाने स्वतःचे अर्धे झालेले, फसलेले लेखनही वर्गासमोर ठेवावे, म्हणजे संशोधक कसा काम करतो हे विद्यार्थ्याला दिसेल. पाबळच्या कार्यशाळेत जे फाटक करते, ते आपल्या विभागात करू शकेल असे काय आहे, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासमंडळाने स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर सापडेल त्या प्रमाणातच आपले विद्यार्थी त्या एस. टी.च्या बाकावर ‘काही नाही’ हे दोन शब्द गाळून बोलू लागतील.